तापाचा ठसा

निकाल त्रिशलाच्या बाजूचा होता, तरी डॉक्टर सोहनींचा चेहरा उतरला.

"प्रतिकारशक्ती आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. भरपूर आहे." पण त्यांची नजर पडद्यावरून हलेना. मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. अगदी सहज केल्यासारखं.

त्रिशला मगदूम मिरजेच्या एका महिला व बाल रुग्णालयात नवजात विभागाची मुख्य परिचारिका होती. पुढच्या महिन्यापासून नवा नियम लागू होणार होता: नवजात बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे कानतापाच्या लसीचा दाखला हवा. नियम योग्यच होता, तिलाही पटलेला. मोठ्यांना कानताप म्हणजे चार दिवसांची कणकण. पुष्कळांना तर आल्याचं कळतही नसे. लहान मुलांत मात्र तो कधीकधी कानामागच्या शिरेपर्यंत पोचायचा आणि ती शीर जाळूनच उतरायचा. मग कानात कुठलंही यंत्र बसवा, ऐकू येत नसे. लस निघाल्यापासून अशी मुलं जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

अडचण फक्त तिची होती. पहिला डोस घेतल्यावर ती खुर्चीतच कोसळली होती. घसा सुजून श्वास अडला होता. लसीतला एक घटक तिला चालत नव्हता. अशा लोकांसाठी कायद्यात दुसरी वाट होती. ताप येऊन गेला असेल आणि शरीरानं आपणहून प्रतिकारशक्ती कमावली असेल, तर ते सिद्ध करा; लसीच्या दाखल्याऐवजी तो दाखला चालेल. सिद्ध करायचं यंत्र म्हणजे स्मृतिवाचक. लोक म्हणत, 'ठसा काढून आलो.'

माणूस आजार विसरतो, रक्त विसरत नाही. विषाणू अंगात शिरला की त्याला धरणाऱ्या पेशी तयार होतात आणि आजार सरल्यावर त्यांतल्या काही म्हाताऱ्या पहारेकऱ्यांसारख्या मागं राहतात. ज्या चोरानं पहिल्यांदा घर फोडलं, त्याचा चेहरा पहारेकऱ्याच्या डोळ्यांपुढून जात नाही. या पेशींचंही तसंच. चोराला अडकवायचे त्यांचे गळासारखे आकडे त्याच्याच मापाचे घडलेले असतात. ते आकडे वाचून उलट्या वाटेनं चोराचा चेहरा रेखाटायचा, हे स्मृतिवाचकाचं काम. लस घेतलेल्याच्या रक्तात विषाणूच्या एका तुकड्याचाच ठसा सापडतो. ताप येऊन गेलेल्याच्या रक्तात सगळा विषाणू उमटलेला असतो. शिवाय काळ जाईल तसे त्या आकड्यांत बारीक फेरफार साठत जातात. ते मोजले की ताप साधारण कधी आला तेही कळतं. यंत्र बनवणाऱ्यांना एवढंच सांगायचं होतं, की या माणसाला संरक्षण आहे की नाही. बाकीचं आपोआप कळत होतं.

"त्रिशलाताई, आपण हे नोंदवायला नको," सोहनी म्हणाले. "मी तुम्हाला लसीचाच दाखला देतो. दोन्ही डोस पूर्ण."

"पण माझे दोन डोस झालेले नाहीत."

"संरक्षण आहे, हे आपण दोघांनी पाहिलं. कागदावर काय आहे त्यानं बाळांना काय फरक पडतो? हे ठशाचं प्रकरण राज्याच्या केंद्राकडे जातं, तिथून शंका निघतात, फेऱ्या होतात. उगाच कटकट."

"आणि पुढच्या वर्षी मला बूस्टर घ्यायला सांगतील तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

ते वीस वर्षं तिचे वरिष्ठ होते. औषधाच्या थेंबात चूक झाली तर आवाज चढवणारा माणूस. तिच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. इतका काटेकोर माणूस खोटा दाखला द्यायला निघालाय, तोही तिनं न मागता?

निकालाचा तपशील पाहायचा हक्क तिचा होता. घरी जाताना रिक्षात तिनं तो मोबाईलवर उघडला. ताप आल्याचा अंदाज: तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. उपप्रकार: 'क'.

तिनं रिक्षा थांबवली आणि उरलेली वाट पायी चालली.

*

तीन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात लस नव्हती. कानतापाच्या साथीमुळे मिरज बंद होती. त्रिशलाची धाकटी बहीण अर्पिता पुण्याहून भाजीच्या टेंपोत बसून लपतछपत आली होती. खोकत होती. "धूळ आहे गं अक्का," म्हणाली. तिला मागच्या खोलीत ठेवलं. पण त्रिशलाची मुलगी रेवा मावशीवेडी. डोळा चुकवून मावशीच्या कुशीत जाऊन बसायची. त्यानंतर काही दिवसांतच रेवाला ताप भरला. ताप उतरला त्या सकाळी रेवानं विचारलं होतं, "आई, तुम्ही सगळे हळू का बोलताय?"

तेव्हा रेवा अकरा वर्षांची होती. आता चौदाची. ती बोलायची, पण आवाज सपाट झाला होता. समोरच्याचे ओठ वाचायची आणि कर्णबधिर मुलांच्या केंद्रात शिकलेली खुणांची भाषा झरझर करायची. त्रिशलाला त्यातलं जेवणाखाण्यापुरतं जमत होतं.

अर्पिताला तिनं दारातच सांगितलं होतं, "माझ्या पोरीचे कान घेऊन चाललीस. पुन्हा तोंड दाखवू नकोस." अर्पिता बॅग उचलून गेली होती. त्यानंतर तिचे फोन येत, त्रिशला उचलत नसे. पुढं तेही थांबले.

आणि आता हा 'क'. त्या उन्हाळ्यात दोन उपप्रकार फिरत होते. पुण्या-मुंबईकडचा 'अ' आणि कर्नाटकातल्या विजयपूरच्या बाजूचा 'क'. मिरजेत 'क' आल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. अर्पिता पुण्याची. तिच्याकडून आला असता तर 'अ' यायला हवा होता.

विजयपूरशी घरातल्या एकाच माणसाचा संबंध होता.

तिच्या नवऱ्याचं, शीतलचं, गावाबाहेर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं आणि विजयपूरचे शेतकरी त्याचं गिऱ्हाईक. त्या बंदच्या काळात, 'मशीन बंद पडलं तर माल नासेल' म्हणून तो बरेच दिवस स्टोरेजवरच मुक्कामाला होता. निदान तो तसं म्हणाला होता.

ती घरी पोचली तेव्हा तो चहा गाळत होता.

"झाला का तुझा ठसा? पास?"

"पास," ती म्हणाली. "त्या वर्षी तुम्ही स्टोरेजवर राहिला होता. तिथून कुठं गेला होता?"

"कुठल्या वर्षी?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठल्या."

त्यानं गाळणं खाली ठेवलं. तिनं मोबाईल पुढं केला. त्यानं वाचलं, आणि 'क' म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. त्या बाजूची माणसं रोज त्याच्याकडे येत.

"म्हणजे मी आणला म्हणतेस?"

"मी विचारतेय."

"नाही गेलो. नाक्यावर पोलीस होते, गेलो असतो तरी सोडलं नसतं."

"टेंपो येत होतेच की. अर्पिता आली तशी."

"त्रिशला, नाही गेलो."

"मग ठसा काढा. थेंबभर रक्ताचं काम आहे."

"मी लस घेतलीय. मला कुठल्याच दाखल्याची गरज नाही. आणि बायकोनं विश्वास ठेवावा म्हणून रक्त द्यायचं असेल तर ते मी देणार नाही. आज ताप विचारतेस. उद्या विचारशील, तिथं कुणाकडं उतरला होता."

तो प्रश्न तिच्या मनात येऊन गेला होता. तिचा चेहरा त्यानं वाचला असावा. कप तसाच ठेवून तो बाहेर गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. माणूस नाही म्हणतो, म्हणजे त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढंच तिला दिसत होतं. त्याच्या फोनवर कानडी बोलणं सुरू झालं की ती कान टवकारे. जुने फोटो चाळताना त्या उन्हाळ्यातला त्याचा एकही फोटो तिला सापडला नाही, आणि तोही तिला पुरावा वाटला. शीतलही काही कमी नव्हता. एकदा जेवता जेवता म्हणाला, "तूसुद्धा रोज दवाखान्यात जात होतीस. ते बरं तुझ्या डोक्यात येत नाही."

"आमच्याकडं एकही केस नव्हती."

"असं कोण म्हणतं?"

"डॉक्टर सोहनी." बोलली आणि तिचा घास हातातच राहिला.

एका सकाळी शीतल लवकरच बाहेर पडला. परत आला तो मोबाईल तिच्यापुढं ठेवून उभाच राहिला. त्यानं ठसा काढून आणला होता. लसीच्या तुकड्याचा ठसा स्पष्ट. तापाचा ठसा नाही, 'अ' नाही, 'क' नाही. त्याला कानताप कधी आलाच नव्हता.

"झालं समाधान?"

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते मला कळलंय. तेवढं पुसायला यंत्र मिळतं का बघ."

ती माफी मागणार होती, पण दारात रेवा उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"तुम्हाला वाटतं तुमची भांडणं मला ऐकू येत नाहीत," रेवा तिच्या सपाट आवाजात म्हणाली. "मला दिसतात. माझा ठसा काढा."

"तुझा कशाला, बाळा?"

"कान माझे गेलेत."

*

रेवाचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. उपप्रकार 'क'. काळ तोच, त्रिशलाच्या किंचित नंतरचा. खाली एक ओळ जास्तीची होती. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना क्वचित आपल्या जनुकीय मजकुरातलं एखादं अक्षर बदलतो. रेवाच्या ठशात असं एक बदललेलं अक्षर होतं, आईच्या ठशात ते नव्हतं. म्हणजे ताप लेकीकडून आईकडे गेलेला नव्हता. गेला होता तो आईकडून लेकीकडे.

त्या उन्हाळ्यात एक दिवस आपला घसा धरला होता, हे त्रिशलाला आता आठवलं. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या होत्या. घरी येऊन हात धुऊन रेवाची वेणी घातली होती.

रेवानं पडद्यावरचं वाचलं. आईचा हात धरला. मग म्हणाली, "म्हणजे मावशी नव्हती."

"नव्हती."

"मी तेव्हाच सांगत होते, तिचा खोकला वेगळा होता. कुणी ऐकलं नाही." आणि तिला स्वतःच्याच शब्दाचं हसू आलं. त्रिशलाला रडू आलं.

पण त्रिशलाला तरी ताप कुठून आला? घर आणि दवाखाना, याखेरीज ती कुठंच गेली नव्हती. शीतलचं ते वाक्य आता डोक्यातून जाईना. असं कोण म्हणतं?

रेवाचा खुणांच्या भाषेचा वर्ग सांगलीतल्या एका केंद्रात भरायचा. खालच्या मजल्यावर छोट्यांचा वर्ग होता. त्या शनिवारी त्रिशला रेवाला आणायला गेली, तेव्हा अंगणात आया आपापल्या मुलांची वाट बघत होत्या. एक बुरख्यातली तरुण बाई उठून तिच्याकडे आली.

"सिस्टर, ओळखलं का? मी शबाना. मुजावर."

त्रिशलाला चेहरा ओळखीचा वाटला. "तुमचं बाळ आमच्याकडं होतं का?"

"होतं का काय विचारता! तुम्हीच तर माझ्या हातात दिला होता. दिवस भरायच्या आधी झाला म्हणून काचेच्या पेटीत ठेवला होता, महिनाभर. बंद होतं बघा सगळं, तेव्हा." तिनं वर्गाच्या खिडकीकडे बोट केलं. लाल शर्टातला एक मुलगा ठोकळे रचत होता. "तो अयान."

"त्याला ऐकू...?"

"नाही. जन्मल्यावर तुम्ही कानाची मशीन लावली होती, तवा चांगलं होतं. घरी आल्यावर टाळी वाजवली तरी बघेना. मोठे डॉक्टर म्हणाले, जन्माचंच आहे, उशिरा दिसलं." तिनं आवाज खाली आणला. "आमचं लग्न नात्यातलं. मामाचा मुलगा. सासू म्हणते, तुझ्याच रक्तात खोट. दुसरं मूल नको म्हणून सांगितलंय घरात. यांच्यासाठी आता दुसरी बघायलेत."

त्रिशला मागं वळली. तिनं शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, "तुमचं मूल कुठं जन्मलं?"

"मिरजेलाच." तिनं रुग्णालयाचं नाव सांगितलं. त्रिशलाच्याच.

"केव्हा?"

"त्याच बंदात."

तिसरीला तिनं विचारलं नाही.

बसमध्ये रेवा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि त्रिशलाला ते बाळ आठवलं. इंडी तालुक्यातून, विजयपूरच्या बाजूनं, रुग्णवाहिकेतून आलेलं. नाक्यावरच्या पोलिसांनी त्या एका गाडीला वाट दिली होती. आईला मराठी येत नव्हतं, ती नुसती हात जोडत होती. बाळ तापानं फणफणलेलं. सोहनींनी पाहिलं आणि म्हणाले, "साधा जंतुसंसर्ग." बाळ काचपेटीत राहीना, म्हणून त्रिशलानं त्याला आपल्या छातीशी धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

तपासणीला नमुना पाठवायचं तिनं सुचवलं होतं. "गरज नाही," सोहनी म्हणाले होते. आणि नेहमी तिच्या डोळ्यांत बघून बोलणारा तो माणूस तेव्हा भिंतीकडे बघत होता. तेव्हा तिला ते दुःख वाटलं होतं.

*

सोहनींच्या टेबलावर तिच्या नावाचा लसीचा दाखला तयार होता. शिक्क्यासकट.

"इंडीचं बाळ," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढला.

"शंका होती. खात्री नव्हती, कारण मी नमुना पाठवला नाही. पाठवला असता तर त्याच संध्याकाळी विभागाला कुलूप लागलं असतं. आत काचपेट्यांत बाळं होती, त्रिशलाताई. तुम्हीच सांभाळत होता. सांगलीपासून बेळगावपर्यंत कुणी दार उघडत नव्हतं. कुठं नेली असती ती? ऑक्सिजनवाचून रस्त्यावर मेली असती. मी ती जगवली. आजही मला तेच योग्य वाटतं."

त्यात तथ्य होतं. त्या दिवसांत त्यांच्या जागी ती असती तर काय केलं असतं, तिला सांगता आलं नसतं.

"विभाग उघडा ठेवला, ते समजू शकते," ती म्हणाली. "पण नंतर? बंद उठल्यावर? त्या आयांना सांगायचं होतं. पोरांचे कान जन्मापासून गेलेत म्हणून त्यांना सांगितलं जातंय. एकीच्या घरात तिच्यावर सवत आणायला निघालेत."

सोहनी चष्मा पुसू लागले.

"निदान मला सांगायचं. त्याच दिवशी. मी रोज घरी जात होते, डॉक्टर. माझ्या मुलीकडं जात होते. तेवढं सांगितलं असतं तर मी इथंच झोपले असते."

"तुम्ही घाबरला असता. तुमच्यामागून बाकीच्या गेल्या असत्या. विभाग कुणी चालवला असता?"

आता तिला सगळं लख्ख दिसलं. त्यांनी हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात रेवाला आधीच खर्ची टाकलं होतं. बाकीच्या परिचारिकांनी पुढं लस घेतली; त्यांचा ठसा काढायची कुणाला गरजच पडली नाही. लस न चालणारी अशी ती एकटीच होती. सगळ्या रुग्णालयात तिच्या एकटीच्या रक्तातून ते बाळ पुन्हा वर आलं असतं.

सोहनींनी दाखला तिच्याकडे सरकवला. "नीट विचार करा. चौकशी बसली तर काय विचारतील? इंडीच्या बाळाला कुणी धरलं होतं? त्यानंतर इतर बाळांना कुणी हाताळलं? पहिलं नाव तुमचं येईल. माझं दुसरं."

"येऊ दे," ती म्हणाली. दाखला तिथंच ठेवून ती खालच्या कक्षात गेली आणि आपला ठसा राज्याच्या केंद्राकडे पाठवायच्या चौकटीवर तिनं बोट टेकवलं. पडद्यावर हिरवी खूण आली. नियमाप्रमाणे आता ती नवजात बाळांना हात लावायला पात्र होती. तिला ठाऊक होतं की उद्यापासून तिला तिथं कुणी उभंही करणार नाही.

*

सरकारी पत्र जाईपर्यंत थांबायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. शबानाला तिनं केंद्राच्या अंगणातच सांगितलं. बाळ कुठून आलं, कुणी धरलं, मग अयानची काचपेटी कुणी साफ केली. काही गाळलं नाही.

शबाना ऐकत राहिली. मध्येच तिनं अयानला उचलून मांडीवर घेतलं, जणू कुणी तो हिसकावून नेईल.

"म्हणजे तुमच्या हातानं," ती म्हणाली.

"हो. बहुतेक माझ्याच."

"आणि माझ्या रक्तात काही नाही?"

"अयानचा ठसा काढला की नक्की कळेल. पण जन्मल्यावर त्याचे कान चांगले होते. मी स्वतः तपासले होते."

शबानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कापत नव्हता. "सिस्टर, तुम्हाला माफ करायला मी मोठी नाही. करवतही नाही मला. पण हे माझ्या सासूपुढं येऊन बोलाल?"

"कधी?"

"आत्ता."

मुजावरांच्या घरी सासूनं आधी पाणी दिलं, मग ऐकलं, मग पाण्याचा पेला त्रिशलाच्या हातातून काढून घेतला. "आमच्या सुनेला वाचवायला आलात होय? किती दिलं तिनं तुम्हाला?" त्रिशलानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग म्हातारी खाली बसली. "पोरगं पोटात होतं तवापासून मी सांगत होते, नात्यातलं रक्त..." ती पुटपुटली आणि तिथंच थांबली. ही सोयरीक तिनंच जुळवली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शबाना चौकटीला टेकून उभी होती. ती पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत बघत होती.

अयानचा ठसा पुढच्या आठवड्यात निघाला: 'क'. त्या विभागातल्या आणखी काही मुलांचाही. चौकशी बसली, सोहनींना रजेवर पाठवलं, त्रिशलाला निलंबित केलं. ते म्हणाले होते त्याच क्रमानं नाही. पण तिचंही नाव आलंच. दोन कुटुंबांनी तिच्यावर फिर्याद केली. शबानानं केली नाही आणि पुन्हा कधी बोललीही नाही. दुसरी बायको आणायची गोष्ट मात्र त्या घरात बंद झाली.

गावात वेगळंच सुरू झालं. ज्यांना कसलाच दाखला नको होता, ते ठसा काढायला रांगा लावू लागले. आजोबांना ताप कुणी दिला, लग्नातल्या कुठल्या पाहुण्यानं आणला, शेजारीण त्या दिवशी खरंच माहेरी होती का. राज्याच्या केंद्रानं उपप्रकार दाखवणं बंद केलं, तर लोक खासगीत जाऊ लागले. भाऊ भावाकडे रक्त मागू लागला. त्रिशलाला कुणी विचारलं की ती म्हणे, "आधी ठरवा, कळल्यावर काय करणार." ते कुणाला आवडत नसे.

शीतल घरात होता, जेवत होता, चौकशीच्या दिवशी तिच्याबरोबर येऊन बाहेर बाकावर बसलाही होता. पण कुठं निघाला की तो आता दारात थांबून सांगायचा, "कवठेमहांकाळला जातोय, माळींच्या गोदामात. पाचपर्यंत येतो." तिनं न विचारता. पूर्वी तो नुसता "येतो गं" म्हणायचा.

आणि अर्पिताला तिचा फोन होत नव्हता. म्हातारीपुढं बोलता आलं, चौकशी समितीपुढं बोलता आलं. बहिणीचं नाव मोबाईलवर आलं की बोट थिजायचं. काय म्हणणार? तू नव्हतीस, मी होते, आता ये?

शेवटी एका दुपारी रेवानंच तिचा मोबाईल उचलला आणि व्हिडिओ कॉल लावला. त्रिशला स्वयंपाकघरातून धावली तोवर पडद्यावर अर्पिता आली होती. बारीक झालेली, कपाळाजवळ पांढरे केस. समोर रेवा दिसली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

"अर्पिता," त्रिशला रेवाच्या मागून म्हणाली. "ते तू नव्हतीस गं. माझ्याकडून गेला तो. रक्तात निघालंय."

अर्पितानं तोंडावरचा हात काढला.

"मग आता मी काय करू, अक्का? तीन वर्षं मी रोज रात्री पोरीची माफी मागून झोपलेय. ती सगळी परत घेऊ?"

त्रिशलानं रेवाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्याशी बोलू नकोस हवं तर," ती म्हणाली. "हिच्याशी बोल. सावकाश बोल, ओठ दिसतील असं."

"लागत नाही," अर्पिता म्हणाली.

तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि बोलायला लागली. हातांनी. खुणा स्वच्छ होत्या, सराईत. ते आठवड्या-दोन आठवड्यांचं शिकणं नव्हतं. जिला भेटायची बंदी होती, त्या भाचीसाठी ती पुण्यात कुठल्यातरी वर्गात जाऊन बसत होती, पुन्हा दार उघडेल की नाही हे ठाऊक नसताना. रेवाच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा कळेना, आणि मग तिचेही हात सुटले. दोघी इतक्या झरझर बोलू लागल्या की त्रिशलाला त्यातलं एक अक्षर कळेना. मध्येच रेवानं आईकडे बोट केलं, काहीतरी खूण केली, आणि अर्पितानं मान हलवली.

काय म्हणालीस गं, असं विचारायला त्रिशलाचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं. पदराला हात पुसले आणि दोघींना तिथंच सोडून ती आत गेली.